ऐक्य आधी की काम आधी?

(वस्तीपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे.)



शिबिराच्या पत्रिकेत माझ्या नावापुढे विषय छापला आहे, 'अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाज : तळागाळातलं काम, स्वयंसेवा आणि ऐक्य'. तो वाचून सकाळी चहाच्या वेळी एकीने मला विचारलंच, "ताई, आमच्या वस्तीत गटाची साधी बैठक भरवताना नाकी नऊ येतात, आणि तुम्ही आम्हाला थेट अमेरिकेला नेताय?" प्रश्न रास्त आहे. म्हणून अमेरिकेला जाण्याआधी माझ्याच एका फजितीपासून सुरुवात करते.

समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेऊन मी बाहेर पडले आणि एका संस्थेत नोकरीला लागले. एक वस्ती माझ्याकडे सोपवलेली होती. चार गल्ल्या, आणि गल्लीगणिक जात वेगळी. मी उत्साहात ८ मार्चला 'एकजूट मेळावा' घेतला. तीनशेच्या वर बायका आल्या. गाणी झाली, घोषणा झाल्या, हातात हात घालून फोटो झाले. मी अहवालात लिहिलं, 'वस्तीतील महिलांमध्ये ऐक्याची भावना निर्माण झाली.' मे महिन्यात पाण्याचा टँकर दोन दिवसांआड यायला लागला. पहिल्याच आठवड्यात रांगेतल्या हंड्यांवरून भांडण झालं, जातीवरून शिव्या निघाल्या आणि आमचं मंडळ फुटलं. मी रडकुंडीला येऊन मंडळातल्या एका मावशींकडे गेले. म्हटलं, मावशी, असं कसं झालं? मेळाव्याला तर सगळ्या आल्या होत्या! मावशी शांतपणे म्हणाल्या, "ताई, मेळाव्याला आम्ही सगळ्या आलो होतो. एकत्र कधी आलो होतो?" आणि मग जरा थांबून म्हणाल्या, "आणि मी तर तुमची भाषणं ऐकलीच नाहीत. पहाटे चारपासून तीनशे बायांचे पोहे करत होते."

ही दोन वाक्यं मला अजून सोडत नाहीत. पहिल्या वाक्याने विचारलं की ऐक्य नेमकं कशातून होतं. दुसऱ्याने विचारलं की त्यासाठी राबतं कोण. शिवाय एक तिसरी गोष्ट मला स्वतःलाच टोचत होती. स्वयंसेवेचं महत्त्व मी बायकांना पटवून देत होते, आणि ते पटवून देण्याचा पगार घेत होते.

या प्रश्नांची उत्तरं शोधताना जे वाचलं त्यात सर्वांत उपयोगी पडलं ते कृष्णवर्णीय स्त्रियांचं काम. 'कृष्णवर्णीय' हा आपला पुस्तकी शब्द. त्या स्वतःला 'ब्लॅक', म्हणजे सरळ काळ्या म्हणवतात, आणि अभिमानाने म्हणवतात. त्यांचं आणि आपलं नातं जुनं आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' प्रसिद्ध केलं ते अमेरिकेतली गुलामी नष्ट करणाऱ्या तिथल्या सदाचारी लोकांना अर्पण करून. १९४६ साली बाबासाहेब आंबेडकरांनी तिथले विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या स्थितीतलं साम्य सांगितलं. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिचं नाव तिथल्या ब्लॅक पँथरवरून घेतलेलं. पण या देवाणघेवाणीत आपल्यापर्यंत पोचली ती बहुतेक पुरुषांची नावं. मलाही कॉलेजात माँटगोमेरीचा बस-बहिष्कार शिकवला होता तो मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नावाने. तो आधी कोणी ठरवला, पत्रकं कोणी छापली, वर्षभर पैसा कुठून आला, हे परीक्षेत कधी आलं नाही.

एका रात्रीमागची नऊ वर्षं

अलाबामा राज्यातलं माँटगोमेरी शहर. बसमधली पुढची दहा आसनं गोऱ्यांसाठी राखीव. काळ्या बाईने पुढच्या दाराने चढून पैसे द्यायचे, खाली उतरायचं आणि मागच्या दाराने पुन्हा चढायचं. तोवर बस निघूनही जायची. मधल्या रांगेत एक गोरा माणूस बसायला आला तर त्या रांगेतल्या सगळ्या काळ्या माणसांनी उठायचं. आणि बसचे सुमारे तीन चतुर्थांश उतारू काळेच होते. त्यातही मोठी संख्या गोऱ्यांच्या घरी धुणंभांडी, स्वयंपाक आणि मुलं सांभाळायला जाणाऱ्या बायकांची.

१ डिसेंबर १९५५ ला शिवणकाम करणाऱ्या रोझा पार्क्स उठल्या नाहीत आणि त्यांना अटक झाली, हे आपल्याला माहीत असतं. 'दमलेली बिचारी बाई' असं त्यांचं चित्र रंगवलं जातं. त्या वर्षानुवर्षं काम करणाऱ्या कार्यकर्त्या होत्या, संघटनेच्या शहर शाखेच्या चिटणीस होत्या, आणि त्याच उन्हाळ्यात टेनेसीमधल्या हायलँडर या लोकशाळेत शिबिर करून आल्या होत्या. आज आपण बसलो आहोत ना, तसंच शिबिर.

त्याच्याही मागे जाऊया. १९४६ साली मेरी फेअर बर्क्स या प्राध्यापिकेने माँटगोमेरीत 'विमेन्स पोलिटिकल कौन्सिल' ही काळ्या स्त्रियांची संघटना सुरू केली. सदस्या बहुतेक शिक्षिका, प्राध्यापिका. १९४९ साली जो ॲन रॉबिन्सन या इंग्रजीच्या प्राध्यापिकेला बसचालकाने चुकीच्या जागी बसली म्हणून अंगावर धावून येऊन उतरवलं. पुढे त्याच या संघटनेच्या अध्यक्ष झाल्या. बसबद्दलच्या तक्रारी गोळा केल्या, महापौरांना भेटल्या. मे १९५४ मध्ये लेखी कळवलं की वागणूक सुधारली नाही तर शहरातल्या पंचवीसहून जास्त संस्था बहिष्काराचा विचार करत आहेत. म्हणजे रोझा पार्क्स यांच्या अटकेच्या दीड वर्ष आधी बायकांची तयारी चालू होती.

अटकेची बातमी कळल्यावर त्या रात्री रॉबिन्सन कॉलेजात गेल्या. एक सहकारी आणि दोन विद्यार्थी सोबतीला. रात्रभर सायक्लोस्टाइल मशीनवर पत्रकं काढली. एका कागदावर तीन पत्रकं बसवायची आणि कापायची. तीस हजारांहून जास्त पत्रकं निघाली. सोमवारी बसमध्ये बसू नका, असं आवाहन त्यात होतं. सकाळचा तास घेऊन त्या गाडीत बसल्या आणि आधीच ठरवून ठेवलेल्या ठिकाणी गठ्ठे टाकत गेल्या : शाळा, दुकानं, ब्यूटी पार्लर, न्हाव्याची दुकानं. शुक्रवारी संध्याकाळी धर्मगुरू बैठकीला जमले तेव्हा गाव आधीच बोलत होतं. किंग यांची निवड झाली ती त्यानंतर, सोमवारी ५ डिसेंबरला. ते तेव्हा २६ वर्षांचे होते.

मला यातून काय दिसतं सांगते. ती रात्र चमत्कार नव्हती. कोणता गठ्ठा कुणाच्या हाती द्यायचा हे ठाऊक होतं, कारण नऊ वर्षं घराघरांशी संबंध ठेवला होता. आपल्या हातात आज मोबाईल आहे, एका बोटाने शंभर जणींना निरोप जातो. पण निरोप मिळालेली बाई कामाचा खाडा करून येईल का, हे निरोपावर ठरत नाही.

चालणाऱ्या बायका आणि पाय घरातल्या वड्या

बहिष्कार एका दिवसाचा होता, तो ३८१ दिवस चालला. चाळीस हजारांवर लोकांनी बस सोडली म्हणजे त्यांना कामावर पोचवणार कोण? सुरुवातीला काळ्या टॅक्सीवाल्यांनी बसच्याच भाड्यात, दहा सेंटांत नेलं. पोलिसांनी किमान भाड्याचा नियम काढून ते बंद पाडलं. मग स्वतःच्या गाड्या असलेल्यांनी गाड्या दिल्या, सुमारे ३००. थांबे ठरले, वेळापत्रक ठरलं, पेट्रोलचा हिशेब ठरला. ज्यांना गाडी मिळाली नाही त्या चालल्या, रोज कित्येक मैल.

ऐक्य इथे घडताना दिसतं. त्या शहरातल्या काळ्या समाजात वर्ग होते. प्राध्यापिका आणि मोलकरीण एका वस्तीत राहत नव्हत्या, एका चर्चमध्ये जात नव्हत्या, एकमेकींच्या घरी तर नाहीच. आता पहाटे प्राध्यापिका गाडी चालवते आहे आणि मागे चार मोलकरणी बसल्या आहेत, आणि हे रोज चाललं आहे. त्यातून दोघींना एकमेकींची वेळ, घर, दुखणी कळतात. साप्ताहिक सभासुद्धा एकाच चर्चमध्ये घेत नसत, वेगवेगळ्या पंथांच्या चर्चमध्ये आळीपाळीने घेत, म्हणजे प्रत्येकाला दुसऱ्याच्या दारात जावंच लागे. 'आपण एक आहोत' हे व्यासपीठावरून सांगितलं गेलं, पण ते खरं झालं गाडीच्या मागच्या सीटवर.

आणि आता पैसा. जॉर्जिया गिल्मोर नावाची बाई. स्वयंपाकीण आणि सुईण, घरात मुलांचा गोतावळा. बसचालकाने पैसे घेऊन तिला उतरवलं होतं आणि बस पळवली होती, तेव्हाच तिने बस सोडली होती, बहिष्काराच्या आधी. मार्च १९५६ मध्ये कोर्टात तिने हे उभं राहून सांगितलं आणि खानावळीतली नोकरी गेली. किंग यांनी सुचवलं, घरीच स्वयंपाक करून विक. तिच्या घरची खानावळ चळवळीच्या बैठकांची जागा झाली. तिने शेजारच्या बायका जमवून केक, पाय म्हणजे गोड सारणाच्या भाजलेल्या पोळ्या, आणि तळलेल्या कोंबडीचे सँडविच करून विकायला सुरुवात केली. ब्यूटी पार्लरमध्ये, टॅक्सीच्या थांब्यावर, घरोघरी. मिळालेले पैसे पेट्रोलला जात. या गटाचं नाव काय ठेवलं? 'द क्लब फ्रॉम नोव्हेअर', म्हणजे 'कुठलाच नाही असा क्लब'. पैसे कुठून आले विचारलं तर उत्तर खरंच देता येई : कुठूनच नाही! कारण करणाऱ्या आणि देणाऱ्या बायका गोऱ्यांकडे कामाला होत्या, नाव फुटलं तर नोकरी गेली. कोणी काय दिलं हे एकट्या गिल्मोरला ठाऊक. काही गोऱ्या बायकाही गुपचूप खरेदी करत म्हणतात. शहराच्या दुसऱ्या भागातल्या बायकांनी चढाओढीने आपला क्लब काढला. सोमवारच्या सभेत दोन्ही क्लब रक्कम जाहीर करत आणि लोक उभे राहून टाळ्या वाजवत.

हे वाचताना मला गिरणगावातल्या खानावळवाल्या आठवल्या, ज्यांना घेऊन प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. स्वयंपाक ही बायकांची सक्ती आहे हे आपण म्हणतो आणि ते खरंच आहे. पण त्याच कौशल्यावर एक शहर वर्षभर चालत ठेवलं गेलं हेही खरं आहे. फरक कशात आहे? माझ्या मेळाव्यातल्या मावशींचे पोहे कुणी मोजले नाहीत. गिल्मोरच्या गटाची रक्कम दर सोमवारी सगळ्या गावासमोर मोजली गेली. जे मोजलं जातं त्याला काम म्हणतात.

बहिष्कार संपला तो कोर्टाच्या निकालाने, डिसेंबर १९५६ मध्ये. त्या खटल्यातल्या निकालापर्यंत टिकलेल्या चारही वादी स्त्रिया होत्या. त्यातली एक क्लॉडेट कॉल्विन. ती रोझा पार्क्स यांच्या नऊ महिने आधी, २ मार्च १९५५ ला, बसमधून उठली नव्हती. वय १५ वर्षं. पुढाऱ्यांनी तिच्या नावाने आंदोलन उभं केलं नाही. मुलगी लहान, गरीब घरातली, रंगाने अधिक काळी, पुढे लग्नाआधी गरोदरही राहिली. तिच्या त्या अटकेची नोंद पुसली गेली २०२१ साली. ऐक्याची किंमत अशी एखादीच्या नावावर पडते. 'चळवळीची प्रतिमा' म्हणून आपणही कुणाकुणाला मागच्या रांगेत बसवलं आहे, आठवून पाहा.

दुकानाच्या मागच्या खोलीतली शाळा

दुसरं उदाहरण त्याच काळातलं, पण खेड्यातलं. दक्षिण कॅरोलायनाच्या किनाऱ्यावर जॉन्स आयलंड नावाचं बेट आहे. मतदार व्हायचं तर राज्याच्या घटनेतला उतारा वाचून दाखवावा लागे, आणि पिढ्यान्‌पिढ्या शाळेपासून लांब ठेवलेल्यांना तो वाचता येत नसे. बेटावरचे एसॉ जेन्किन्स आपल्या बसने लोकांना चार्ल्सटन शहरात कामाला नेत आणि वाटेत तो उतारा शिकवत. एक बाई तो पाठ म्हणायला शिकली, पण तिला खरंखुरं वाचायचं होतं.

सेप्टिमा क्लार्क या तिथल्या अनुभवी शिक्षिका. नागरी हक्कांच्या संघटनेचं सदस्यत्व सोडायला नकार दिला म्हणून १९५६ साली त्यांची सरकारी नोकरी गेली होती. त्या हायलँडरमध्ये काम करू लागल्या आणि जेन्किन्सबरोबर त्यांनी बेटावर शाळा काढायचं ठरवलं. शिक्षक म्हणून निवडलं नात्यातल्या बर्नीस रॉबिन्सन यांना. या ब्यूटी पार्लर चालवत, शिवणकाम करत. शिकवण्याचं प्रशिक्षण अजिबात नाही, आणि म्हणूनच निवड केली. पोटापाण्यासाठी गोऱ्या मालकावर अवलंबून नसलेली, लोकांचं ऐकून घ्यायची सवय असलेली बाई हवी होती.

जानेवारी १९५७ मध्ये वर्ग सुरू झाला. पुढे किराणा दुकान, मागे खोली, म्हणजे गोऱ्यांना संशय नको. रॉबिन्सन यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं की मी शिक्षिका नाही, आपण एकमेकांकडून शिकू. आणि विचारलं, तुम्हाला काय शिकायचं आहे? कुणाला आपलं नाव लिहायचं होतं, कुणाला बायबल वाचायचं होतं, कुणाला लांब असलेल्या मुलाचं पत्र, कुणाला मालाच्या मागणीचा फॉर्म भरायचा होता. तोच अभ्यासक्रम झाला. भिंतीवर मात्र संयुक्त राष्ट्रांचा मानवी हक्कांचा जाहीरनामा लावला, वर्ग संपेपर्यंत तो वाचता यायला हवा म्हणून. या वर्गातून निघालेले लोक मतदार म्हणून नोंदले जाऊ लागले. शेजारच्या बेटांनी वर्ग मागितले आणि पुढच्या दहाबारा वर्षांत दक्षिणेत अशा शेकडो शाळा झाल्या. शिकलेल्यांतून शिकवणाऱ्या तयार झाल्या.

मी वस्तीत गेले होते ते संस्थेचा आराखडा घेऊन. पहिल्या दिवशी 'तुम्हाला काय हवं आहे' असं मी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर पाणी, एवढाच शब्द ऐकू आला असता.

इथेही एक कडू घोट आहे. पुढे हा कार्यक्रम किंग यांच्या संघटनेत गेला, सेप्टिमा क्लार्क कार्यकारिणीत गेल्या, आणि तिथले पुरुष बायकांचं म्हणणं गंभीरपणे घेत नसत हे त्यांनी नंतर स्पष्ट बोलून दाखवलं. त्याच संघटनेचं कार्यालय उभं करणाऱ्या एला बेकर यांचाही अनुभव निराळा नव्हता. बेकर यांचं म्हणणं असं की लोक खंबीर झाले तर त्यांना खंबीर पुढाऱ्याची गरज उरत नाही. १९६० साली विद्यार्थ्यांची परिषद भरवून त्यांनी तरुणांना सांगितलं की मोठ्यांची शाखा होऊ नका, स्वतंत्र संघटना करा. आणि २८ ऑगस्ट १९६३ च्या वॉशिंग्टनच्या त्या प्रचंड मोर्चात एकाही स्त्रीला मुख्य भाषण दिलं गेलं नाही. सभेला अडीच लाख माणसं होती. ती गावोगावहून गोळा करण्यात बायकांचे हात किती होते हे तुम्हाला सांगायला नको.

डुकरांची बँक, आणि ती का बुडाली

यशाच्याच गोष्टी सांगितल्या तर तुम्ही म्हणाल, ताईंनी पुस्तक वाचून दाखवलं. म्हणून एक बुडालेलं काम सांगते.

मिसिसिपीतल्या सनफ्लॉवर जिल्ह्यातल्या फॅनी लू हेमर. वीस भावंडांतल्या धाकट्या, लहानपणापासून कापूस वेचलेल्या. ऑगस्ट १९६२ मध्ये मतदार नोंदणीला गेल्या म्हणून मळ्यावरून त्याच दिवशी हाकललं. जून १९६३ मध्ये तुरुंगात अमानुष मारहाण झाली, तिचं दुखणं जन्मभर राहिलं. त्यांना एक गोष्ट अनुभवाने कळली होती. मताचा हक्क मागणाऱ्या माणसाचं मालक सर्वांत आधी अन्न तोडतो. १९६२-६३ च्या हिवाळ्यात शेजारच्या एका जिल्ह्यात सरकारी धान्यवाटपच बंद केलं गेलं होतं. तेव्हा ज्याच्या परसात भाजी आहे आणि खुराड्यात जनावर आहे त्याला उपासमारीची भीती घालता येत नाही, हा त्यांचा सरळ हिशेब.

१९६९ साली त्यांनी ४० एकरांवर 'फ्रीडम फार्म' ही सहकारी शेती सुरू केली. निग्रो स्त्रियांच्या राष्ट्रीय परिषदेच्या मदतीने डुकरांची बँक काढली. कुटुंबाला मादी द्यायची, ती व्याली की ठरलेली पिलं बँकेला परत, बाकीची घरची, आणि परत आलेली पिलं पुढच्या घराला. आपल्याकडे अर्धलीने शेळी देतात त्याची आठवण येते, फक्त इथे मधला मालक नाही. पुढे जमीन सहाशे एकरांवर गेली, घरं झाली, शेकडो कुटुंबांना अन्न मिळालं.

आणि १९७० च्या दशकाच्या मध्यावर ते सगळं संपलं. महिन्याची एक डॉलर वर्गणीसुद्धा बहुतेक घरांना परवडत नसे, त्यामुळे पैसा बाहेरच्या देणगीदारांवर अवलंबून होता. त्या देणग्या आणायच्या तर हेमर यांनी देशभर भाषणं देत फिरायचं. पूर आणि दुष्काळाने पिकं गेली, जमिनीचे हप्ते आणि कर थकले, हेमर आजारी पडल्या. मार्च १९७७ मध्ये त्या गेल्या, वय ५९ वर्षं. मला ही गोष्ट सांगताना त्यांच्याकडे बोट दाखवायचं नाही. पण आपल्यापैकी जिच्या एकटीच्या खांद्यावर गट चालला आहे तिने ही गोष्ट स्वतःपुरती ऐकावी. एका बाईच्या शरीरावर उभं असलेलं काम त्या शरीराबरोबर आडवं होतं.

'बायकांनी घरात बसावं'

शेवटचं उदाहरण शहरातलं. १९७४ साली बोस्टनमध्ये काळ्या स्त्रीवादी स्त्रियांचा एक छोटा गट तयार झाला, 'कॉम्बाही रिव्हर कलेक्टिव्ह'. हे नाव एका नदीचं. १८६३ साली हॅरिएट टबमन यांनी त्या नदीवरच्या मोहिमेत सातशेहून जास्त गुलामांना सोडवलं होतं. वंश, वर्ग, लिंग हे जुलूम एकमेकांत गुंतलेले आहेत, एकेक सोडवून चालत नाही, हे या गटाने १९७७ च्या आपल्या निवेदनात मांडलं. आपल्या चर्चांमध्ये जात आणि लिंगभाव एकत्र पाहायचा असं आपण म्हणतो, त्याचीच ही बहीण.

१९७९ च्या जानेवारीपासून चारपाच महिन्यांत बोस्टनमध्ये बारा काळ्या स्त्रियांचे खून झाले. समाज संतापला, १ एप्रिलला मोठा मोर्चा निघाला. पण मोर्चात बोलणारे बहुतेक पुरुष, आणि म्हणणं असं की हे वंशद्वेषाचे खून आहेत, आपल्या बायकांना आपण जपलं पाहिजे, बायकांनी एकटं बाहेर पडू नये. बायका म्हणून त्या मारल्या गेल्या हे कोणी बोलेना. बार्बरा स्मिथ आणि त्यांच्या मैत्रिणींनी एक पुस्तिका काढली. सहा काळ्या स्त्रिया का मेल्या, असं तिचं शीर्षक. पुन्हा छापावी लागली तेव्हा सहा खोडून आठ करावे लागले, मग अकरा. पुस्तिकेत खुनांचा अर्थ होता, त्याबरोबर स्वतःच्या बचावाच्या सूचना आणि मदतीचे पत्ते होते. ती हजारोंनी वाटली गेली, आणि एरवी स्त्रीवादाला नाक मुरडणाऱ्या वस्तीतल्या लोकांनी ती घेतली, कारण ती उपयोगी होती.

या बायकांवरही आरोप झाला की तुम्ही समाजाची एकी मोडता. हा आरोप इथे बसलेल्या प्रत्येकीने ऐकलेला आहे. घरचं बाहेर काढू नका, समाजाची बदनामी होते, आधी मोठा लढा, मग बायकांचं. त्या बायका समाज सोडून गेल्या नाहीत आणि गप्पही बसल्या नाहीत. ज्या ऐक्यात मार खाणाऱ्या बाईने गप्प बसायचं असतं, ते ऐक्य मारणाऱ्याच्या सोयीचं असतं.

परत वस्तीत

मग आमच्या वस्तीचं काय झालं? मंडळ फुटल्यावर मी दुसरा मेळावा घेतला नाही. टँकरपासून सुरुवात केली. प्रत्येक गल्लीतून दोघी, अशा आठजणी. त्यांनी रांगेचे नंबर लावायचे आणि वहीत लिहायचे. सुरुवातीला आठजणी एकमेकींशी फक्त नंबरापुरत्या बोलत. ड्युटी मात्र अशी लावली की दोन वेगळ्या गल्ल्यांतल्या दोघी नेहमी बरोबर. कुणाची रोजी बुडाली तर वर्गणीतून तेवढे पैसे द्यायचे, हे मावशींनी सुचवलं आणि तिथे मला माझ्या पगाराची लाज जरा कमी वाटली. चौदा महिन्यांनी त्या आठजणींनी स्वतःहून बैठक बोलावली, पाण्यासाठी नाही, एकीच्या नवऱ्याने तिला घराबाहेर काढलं म्हणून. चारही गल्ल्यांतल्या बायका तिच्या दारात बसून राहिल्या. हे मी घडवून आणलं नव्हतं. मला दुसऱ्या दिवशी कळलं.

सगळं गोड झालं असं सांगणार नाही. एका गल्लीतल्या काही घरांत अजून दुसऱ्या गल्लीचा चहा चालत नाही. पण ती वही चालू आहे, आणि ती मावशींकडे असते.

गटचर्चेला जाताना तीन प्रश्न घेऊन जा. आपल्या गटात न मोजलेलं काम कोण करतं, आणि ते मोजायचं कसं? ऐक्यासाठी आपण कुणाला मागे बसवलं आहे? आणि आपल्यातली एकजण उद्या आजारी पडली किंवा देणगी थांबली, तर परवा काय चालू राहील?

आणि एक विनंती. आज सकाळपासून चौघीजणी आत आपला स्वयंपाक करत आहेत. चर्चेच्या वेळी आपल्यातल्या चौघी आत जाऊया आणि त्यांना बाहेर बोलवूया. माझं नाव पहिलं लिहा.